बघायचं नाही, उचलायचं

आमच्या बाजारात भाजीच्या रांगेत खोलबीबीकडून घोळीची भाजी घ्यायची तर एक नियम आहे. जुडीकडे बघायचं नाही. उचलायची, पिशवीत टाकायची, चालू लागायचं. ज्यानं जुडी उलटीपालटी केली, पान चिमटीत धरलं, देठ वाकवून पाहिला, त्याच्या हातावर तिची तुतीची छडी बसलीच म्हणून समजा. परवा शहरातून एक बाई आली होती. तोंडात सोन्याचे दात, डोळ्यांवर काळा चष्मा. जुडी नाकाशी नेऊन उलगडायला लागली आणि छडी मनगटावर सपकन बसली.

"वेडी आहे का ही म्हातारी?" बाई किंचाळली. "काहीतरी मिसळून विकत असणार, म्हणून बघू देत नाही!"

मी शेजारीच नान विकते. माझं नाव रुकिया, आणि माझा आवाज बाजाराच्या दुसऱ्या दारापर्यंत जातो असं लोक म्हणतात. खोलबीबीचा जबडा डावीकडे वाकडा आहे, भांडण लांबलं की तिला शब्द नीट फुटत नाहीत, म्हणून तिची भांडणं माझ्या वाट्याला येतात. मी उठलेच. "मिसळून? हिच्या जुडीत घोळीशिवाय गवताची काडी निघाली तर माझा तंदूर फोड आणि त्यात मला घाल. बघायला काय ते नवऱ्याचं तोंड बघ घरी जाऊन!"

"मग बघू का देत नाही?"

"बघण्यापायी एक माणूस मेलाय म्हणून."

बाईला ते कळलं नाही. जुडी टाकून गेली. खोलबीबीनं ती उचलली, पाणी शिंपडलं आणि परत ढिगावर ठेवली.

आमच्या बोलीत खोल म्हणजे तीळ. पोर अंगावर जी खूण घेऊन येतं, तिच्यावरून नाव ठेवायची आमची रीत. तीळ असला की खोल, लाल डाग असला की नोर. खोलबीबीच्या उजव्या गालावर मसुराएवढा तीळ आहे. लहानपणी आई गेली, सावत्र आईनं कापसाच्या शेतात लोटलं. कापसाला पाणी दिलं की ओळींमधून घोळ पसरते, तांबूस, गुबगुबीत. बायका कुदळ मारता मारता ती ओच्यात भरत. घरी चक्क्यात चिरून घातली, वर नान कुस्करला, की दिवसाचा शीण उतरायचा. मुकादमाला ते खपायचं नाही. एकदा त्यानं खोलबीबीचा ओचा लाथेनं उधळला. तिनं कुदळीचा दांडा त्याच्या नडगीवर असा घातला की हाड मोडल्याचा आवाज चार ओळी पलीकडे मला ऐकू आला. तेव्हा तिला मिसरूड फुटलं असतं, मुलगा असती तर.

लग्न झालं रजबशी. रजब ट्रॅक्टर चालवायचा आणि उरलेल्या वेळात बायकोला मारायचा. पोटात शकरमो होती तेव्हा त्यानं लाथ उचलली. खोलबीबी तंदुराशी होती. लाल झालेला गज तिनं काढला आणि त्याच्या पोटरीवर टेकवून धरला, मांसाचा वास येईपर्यंत. त्यानंतर रजब मरेपर्यंत लंगडला आणि मरेपर्यंत सभ्य राहिला.

म्हणजे बाई गरीब गाय नव्हती, हे आधी सांगून ठेवते. तिची कीव करायला कोणी येऊ नये.

घोळीसारखीच दिसणारी एक वनस्पती आमच्याकडे उगवते. तीही जमिनीला चिकटून गोल पसरते, तिचेही देठ तांबूस. मोडली की पांढरा चीक गळतो, म्हणून आम्ही तिला दुधाळी म्हणतो. तो चीक ओठाला लागला तर ओठ सुजतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो की काय असं वाटतं, आणि पोटात गेली तर माणूस आतडी ओकतो. पलीकडच्या गावची एक बाई वजन वाढवायला जुडीत दुधाळी घालायची. खोलबीबीनं तिला वेणीला धरून रांगेतून ओढत नेलं, सगळ्यांसमोर दुधाळी मोडून तिच्या ओठांवर चोळली. पुढचे कितीतरी दिवस ती बाई तोंडाला फडकं बांधून हिंडत होती. तेव्हापासून 'खोलबीबीची घोळ' म्हटलं की लोक डोळे मिटून घेत. तेव्हा ती बघू द्यायची हो, उलट दाखवायची.

आता जावयाकडे येते. पीरमद त्याचं नाव. मातीच्या भिंती घालणारा गवंडी, वरून आलेला. वरून म्हणजे डोंगरातून. आम्ही खालचे, कालव्याकाठचे. ते वरचे. कापसाच्या कामाला, बांधकामाला ते खाली येत, काही गावंच्या गावं सरकारनं आणून टाकली होती. बाजारात एकत्र, लग्नकार्यात वेगळे, असं आमचं चालायचं. पीरमद खोलबीबीच्या कुंपणाची भिंत घालत होता आणि शकरमो त्याला चहा नेऊन देत होती. भिंत उंच व्हायच्या आत सगळं होऊन बसलं. खोलबीबीनं लेकीला बदडली. लेक मार खाताना हसत होती, तेव्हा आईला कळलं की आता इलाज नाही.

वरच्यांची एक रीत आमच्यापेक्षा वेगळी. वसंतात बर्फ हललं की त्यांचे पुरुष डोंगरात जातात आणि रानकांदा, रेवंद, कसकसली पानं पाठीवर घेऊन येतात. भाजी खुडणं त्यांच्यात पुरुषाचं काम. आमच्यात पुरुष भाजीला हात लावत नाही. जेवतो, ढेकर देतो, संपलं. त्यामुळे पीरमद टोपली घेऊन बायकांबरोबर शेतात निघाला की आळीतली पुरुषमंडळी त्याला हाक मारायची, "काय पीरमदबाई, आज काय बेत?" तो हसायचा आणि पुढे जायचा.

पहिली मुलगी झाली, पर्वोना. शकरमोला दूध कमी यायला लागलं. वरच्या लोकांत समज असा की ज्या पानात दूध, ते आईला चांगलं. त्यांच्या डोंगरात तशी भाजी असेलही. पीरमदनं आमच्या बांधावरची दुधाळी ओंजळ भरून आणली आणि बायकोला स्वतःच्या हातानं कढण करून पाजलं. शकरमो दोन दिवस रक्त ओकली. जीभ तोंडात मावेना. दूध आटलं ते आटलंच, पोर शेळीच्या दुधावर वाढली.

खोलबीबीनं जावयाला अंगणात उभं करून तुतीच्या काठीनं झोडपलं. अख्खी आळी भिंतीवर चढून बघत होती. मीही होते. पाठ फुटून सदरा चिकटला तरी तो हलला नाही.

"दूध होतं तिच्यात," एवढंच म्हणाला.

"गाढवीणही दूध देते, मुडद्या! उद्या तिला शिजवशील?"

मग कॉलर धरून ओढत त्याला बांधावर नेलं. दोन्ही उपटून समोर टाकल्या.

"घोळ कुठली?"

"ही."

थप्पड. "देठ मोड आधी. काय निघालं?"

"दूध."

थप्पड. "दूध नाही म्हणायचं. चीक म्हण. ही मोड आता."

"पाणी."

"मग?"

"ही घोळ."

"पान कसंय?"

"जाड. चमच्यासारखं. टोकाशी घोळका करून बसलंय."

"आणि हिचं?"

"पातळ. समोरासमोर जोडीजोडीनं. मधे रक्ताचा ठिपका असल्यासारखं. देठावर लव आहे."

त्यावर थप्पड पडली नाही. लव तिनं सांगितली नव्हती, त्यानं आपणहून पाहिली होती.

मार खाऊन माणूस एखाद्या गोष्टीचा तिरस्कार करायला लागतो. पीरमदचं उलटं झालं. त्याला त्या झाडाचा नादच लागला. शेतातली पसरणारी घोळ वेगळी, वाफ्यात पेरलेली उभी, मोठ्या पानांची वेगळी, आणि अंगणात शोभेला लावतात ती सुईसारख्या पानांची, सांध्यासांध्यात पांढऱ्या केसांचा पुंजका असलेली, ती तिसरी, असं तो बायकांना सांगत बसायचा. एकदा भर दुपारी बाजारात आला, आमच्यापुढे उकिडवा बसला.

"आई, हे बघितलंत का?"

घोळीचं पिवळं फूल सकाळी थोडा वेळ उमलतं आणि मिटतं, हे आम्हाला माहीत होतं. मागे राहतं ते टोकदार बोंड आम्ही कधी निरखलं नव्हतं. पीरमदनं अंगठ्याचं नख त्याच्या कमरेशी लावलं आणि टचकन उडवलं. वरचा अर्धा भाग टोपीसारखा निघाला. खाली इवलीशी वाटी, काळ्या बियांनी भरलेली.

"झाकणाची डबी आहे ही. दुधाळीचं फळ तिकोनी, त्याला झाकण नसतं."

खोलबीबी जन्मभर ती भाजी विकत होती. तिनं डबी घेतली, दुसरी उडवली, तिसरी उडवली, आणि गालावरचा तीळ वर जाईपर्यंत हसली. "मेल्या, माझ्या घरातलं मलाच दाखवतोस!" त्या दिवसापासून तो तिचा झाला, ती कबूल करो न करो. त्याला सवयच जडली. जुडी हातात आली की नखानं डबी उडवायची, बी तळहातावर घ्यायचं, आणि सासूकडे बघायचं.

पण खोलबीबीची जीभ. दुधाळीच्या कढणाचा किस्सा तिनं बाजारात इतक्यांदा सांगितला की लोक मुद्दाम तिच्यापुढे थांबायचे. "वरच्यांची अक्कल सांगू का? मोडलं आणि पांढरं निघालं की घाल तोंडात!" पीरमदच्या डोंगरी ठेक्याची नक्कल करून सांगायची. कसाई हसायचे, ड्रायव्हर हसायचे, पीरमद स्वतः हसायचा. मी तर डोळे पुसायची. तो किस्सा ट्रकवाल्यांबरोबर दुसऱ्या बाजारांत गेला, चहाखान्यांत गेला. आम्हाला वाटलं, गेला तर गेला, हसू कुणाचं काय वाकडं करतं?

मग तो उन्हाळा आला. राजधानीत मोठे लोक खुर्चीवरून भांडले आणि आमच्याकडे माणसं एकमेकांची घरं जाळायला लागली. खालच्यांनी वरच्यांची जाळली, वरच्यांनी खालच्यांची. ज्याच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं बाजार केला, त्याच्या दारावर लोक रात्रीत खूण करून यायचे. कापूस तसाच वाळला. कालव्याला फुगलेली माणसं लागायची, आणि पाट सोडणारा बांबूनं ती पुढे ढकलायचा, पुढच्या गावाला. मी हे वाढवून सांगत नाही. कमीच सांगते आहे.

पीरमदला खोलबीबीनं गोठ्यात कडब्यामागे लपवलं. त्याचे कागद चुलीत घातले. दाढी आपल्या हातानं काढली. इतकी वर्षं आमच्यात राहून त्याची बोली आमच्यासारखीच झाली होती. कालव्यावरचा पूल ओलांडला की पलीकडून वरच्यांच्या गाड्या डोंगराकडे निघत होत्या. पूल ओलांडला तर तो वाचणार, नाही तर आज ना उद्या कडबा पेटणार, एवढा सरळ हिशेब होता.

पुलावर नोरबोय होता. खालच्यांच्याच बंदूकवाल्यांचा सरदार, पण दुसऱ्या तालुक्यातला, कुणाच्या ओळखीचा नाही. मानेवर लाल डाग, त्यावरून नाव. कागद सगळ्यांनीच जाळलेले, बोली सगळ्यांचीच मिसळलेली, मग वरचा कोण आणि खालचा कोण हे ओळखायचं कसं? त्यानं एक युक्ती काढली होती. त्याची माणसं तिला न्याहारी म्हणत. पुलाच्या तोंडाशी दस्तरखान, म्हणजे जेवणाचं फडकं, अंथरायचा आणि त्यावर घोळ आणि दुधाळी दोन्हींचा पाला ठेवायचा. दस्तरखानावर बसलेल्याला आमच्याकडे शत्रूसुद्धा हात लावत नाही, पण त्या उन्हाळ्यात काय उरलं होतं! येणाऱ्या पुरुषाला म्हणायचं, "बस, न्याहारी कर. खायची ती उचल." दुधाळी उचलली की तो वरचा. मग कठड्याशी उभा करायचा.

ही बातमी मीच खोलबीबीला सांगितली. पुलावर नान पोचवायला मला सोडत असत, बंदूकवाल्यांनाही भाकर लागतेच. "ही युक्ती त्याला कुठून सुचली ठाऊक आहे?" मी म्हटलं. "एका चहाखान्यात किस्सा ऐकला म्हणे. वरचे पांढरं निघालं की खातात."

खोलबीबी पीठ मळत होती. ती थांबली. मग पायातली चप्पल काढून तिनं स्वतःच्या तोंडावर मारायला सुरुवात केली. मी हात धरला तर मला ढकललं. ओठ फुटला तरी मारत राहिली. "हे तोंड," म्हणत होती, "हे तोंड, हे तोंड."

किती गेले त्या न्याहारीत, कोण सांगणार? आमचा न्हावी ओलीम गेला. तो आमच्यातलाच, सात पिढ्यांचा खालचा. त्याच्या बायकोनं त्याला कधी भाजी आणायला पाठवलं नव्हतं, म्हणून गेला.

"ओलीम गेला, तर मग पीरमद चुकता कामा नये," खोलबीबी म्हणाली. "एवढंसुद्धा चुकता कामा नये."

तिनं गोठ्यात शाळा मांडली. तीच काठी घेऊन. नोरबोय आता उपटून सुकवलेला पाला ठेवतो, मोडला तरी चीक येत नाही, आणि मोडूही देत नाही, हे मी पाहून आले होते. म्हणून तिनं पीरमदच्या डोळ्यांना रुमाल बांधला आणि सुकलेल्या जुड्या हातात दिल्या. बोटांनीच ओळखायचं. देठ गुळगुळीत की लव आहे? पान बुडाशी सारखं की वाकडं? सांध्यात केस आहेत का? असतील तर ती शोभेची, तीही सोड. चुकलं की काठी. शकरमो दारात बसून रडत होती. पीरमद डोळे बांधलेलेच म्हणाला, "रडतेस काय? मी आता भुतालासुद्धा भाजी निवडून देईन." शेवटी शेवटी त्याला काठी बसेनाच. खोलबीबीनं रुमाल सोडला, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी तिला तसं करताना कधी पाहिलं नव्हतं.

तिथेच आमची चूक झाली. तिचीही आणि माझीही. दोघी बायका, जन्म भाजीत गेलेला. भाजी नीट बघून घ्यावी, हे आम्हाला श्वासासारखं. आमचे पुरुष कसे बघतात याचा विचारच आला नाही.

सकाळी निघालो. पुढे मी, डोक्यावर नानची पाटी. मागे खोलबीबी, शकरमो, कडेवर पर्वोना, आणि पीरमद. आमच्या पुरुषांसारखी टोपी तिरकी घातलेला. विचारलं तर तो खोलबीबीचा मुलगा.

नोरबोय कठड्यावर बसून कलिंगड खात होता. "कुठला रे?"

"खालचाच. बाजारामागे घर. ही आई."

"बस मग. न्याहारी करून जा."

दस्तरखानावर तीन जुड्या होत्या, उन्हानं मान टाकलेल्या. एक घोळ, एक दुधाळी, एक शोभेची. पीरमद मांडी घालून बसला. पहिली उचलली, सांध्यावर बोट फिरवलं, ठेवली. दुसरी उचलली, पान उलटलं, बुडाकडे पाहिलं, ठेवली. तिसरी उचलली. देठावरून अंगठा वर नेला, टोकाशी एक बोंड राहिलं होतं तिथे नख लावलं आणि टचकन उडवलं. काळं बी तळहातावर पडलं. आणि त्यानं सवयीनं मान वर करून खोलबीबीकडे बघितलं.

खोलबीबीची मान हलली. हो म्हणून. तीही सवयीनंच.

"ही," पीरमद म्हणाला.

"बरोबर," नोरबोय म्हणाला. कलिंगडाची साल त्यानं पाण्यात टाकली, हात सदऱ्याला पुसले. "अगदी बरोबर. माझी आईसुद्धा इतकी नीट निवडत नाही."

मी पाटी सावरली. मला वाटलं, सुटलो.

"तुला एक सांगू का?" तो खाली उतरला. "ही न्याहारी आता अख्ख्या मुलखाला ठाऊक झालीय. ज्याला मरायचं नाही तो शिकून येतो. भाजी कोण बघतंय? मी बघणाऱ्याला बघतो. आपल्यातला पुरुष कसा येतो माहितीये? शिव्या देत येतो. हा काय पोरखेळ लावलाय म्हणतो, आणि हाताला लागेल ते उचलतो. हे असं." खाली न बघता त्यानं दस्तरखानावर हात घातला आणि एक जुडी उचलून दाखवली. "पानं उलटून बघत नाही बसत, बायकांसारखा. पानं उलटून वरचे बघतात."

पीरमद उठायला गेला. तो गुडघ्यावर असतानाच त्याला गोळ्या घातल्या. पहिली गळ्यात लागली, दुसरी कुठे ते मला दिसलं नाही कारण शकरमो माझ्यावर कोसळली आणि नान पुलावर विखुरले. दोघांनी त्याला पायांना धरून कठड्यावरून टाकला. पर्वोना आईला धरून खाली पाण्याकडे बघत होती.

खोलबीबी नोरबोयच्या अंगावर गेली. मला वाटलं गळा धरते. तिनं त्याचं मनगट धरलं, ज्या हातात जुडी होती ते, आणि त्याच्या माणसांसमोर वर केलं.

"ही दुधाळी आहे!" ती ओरडली. "बघा रे, तुमच्या सरदारानं उचलली ती दुधाळी आहे! घाला ह्यालाही गोळी!"

एक पोरगेला बंदूकवाला फिस्सकन हसला. नोरबोयनं बंदुकीचा दस्ता फिरवला, तो खोलबीबीच्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी दुसऱ्यांदा ऐकला, पण या वेळी तिचं होतं. ती पडली. पडल्यावरही तोंडातून रक्ताबरोबर तेच शब्द येत होते, पण आता ते कोणालाच कळण्यासारखे नव्हते. तिचा आवाज बंद होईपर्यंत लाथा मारल्या आणि मग आम्हाला परत जायला सांगितलं. बायकांची न्याहारी नसते म्हणाले.

पीरमद कालव्याच्या खालच्या दरवाज्याला अडकलेला सापडला. आमच्यात पुरुषाला पुरुषांनी धुवायचं असतं. कोणी पुरुष यायला धजला नाही, तेव्हा खोलबीबीनं जबडा रुमालानं डोक्याला बांधून त्याला धुतलं आणि मी पाणी ओतलं. त्याच्या अंगठ्याच्या नखात एक काळं बी अडकलं होतं. तिनं ते काढलं नाही. तसाच पुरला.

नोरबोय पुढच्या हिवाळ्यात मेला. त्याच्याच माणसांनी मारला म्हणे, लुटीच्या वाटणीवरून. बातमी आली तेव्हा मी नाचले, खोटं कशाला बोलू. खोलबीबीनं फक्त विचारलं, "पूल उघडला का?"

लढाई थांबली, वरचे परत आले, बाजार भरला. खोलबीबीनं तोच ढीग लावला आणि मांडीवर छडी ठेवली. तो किस्सा तिनं पुन्हा कधी सांगितला नाही, आणि घोळ ओळखायची कशी ते कोणाला सांगितलं नाही, लेकीला नाही, नातीला नाही. ती स्वतः निवडते, स्वतः तोडते, सगळी जबाबदारी तिची. लोकांनी फक्त उचलायचं. माझ्या मते ते बरोबर नाही. पण मी तिला हे कधी बोलले नाही, आणि तुम्ही कोणी बोलाल तर माझ्याशी गाठ आहे.

पर्वोनाचं लग्न ठरलंय. मुलगा विजेचं काम करतो, हसरा आहे. वरचा की खालचा, खोलबीबीनं विचारलं नाही, आणि पोरीनंही सांगितलं नाही. काल तो आजीला भेटायला बाजारात आला, पर्वोनाबरोबर. माझ्याकडून दोन नान घेतले, मग ढिगासमोर उकिडवा बसला. मी छडीकडे बघत होते. त्यानं जुडी उचलली, उन्हाकडे धरली, पान उलटलं. बोटानं देठ चाचपला.

"आजी," तो म्हणाला, "हे टोकाला डबीसारखं काय आहे हो?"

पर्वोनाचा चेहरा पांढरा पडला. खोलबीबीनं छडी उचलली नाही. तिनं त्याच्या हातातून जुडी हळूच काढून घेतली आणि त्याच्या पिशवीत टाकली.

"ते बघायचं नसतं, बाळा," ती वाकड्या जबड्यानं जमेल तितकं नीट म्हणाली. "घरी ने. बायका करतील तशी खा."

ती दोघं गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत खोलबीबी बघत होती. मग तिनं माझा हात धरला. तिची बोटं हिरवी आणि गार होती.

"रुकिया," ती म्हणाली, "हाही पानं उलटून बघतो गं."

मी तिच्या पेल्यात चहा ओतला.